देवमाशाजवळ जाण्याआधी

हवाईतल्या मावी बेटासमोर दर हिवाळ्यात हंपबॅक व्हेल येतात. उन्हाळाभर उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यात पोटभर खाऊन, अंगावर चरबी साठवून ते इथल्या कोमट पाण्यात विणीसाठी उतरतात. किनाऱ्यावर उभे राहिले तरी त्यांचे फवारे दिसतात. मात्र बोट घेऊन त्यांच्यापासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत जायला कायद्याने मनाई आहे. ही मनाई पर्यटकाला आहे, मच्छीमाराला आहे आणि उभा जन्म व्हेलच्या अभ्यासात घालवलेल्या शास्त्रज्ञालाही आहे. शास्त्रज्ञाला त्या अंतराच्या आत जायचे असेल तर आधी अर्ज करावा लागतो. तो अर्ज कुठे जातो, त्यात काय विचारतात, कोण तपासते आणि परवाना हातात पडल्यावर काय बंधने येतात, हे एकदा नीट समजून घेण्यासारखे आहे. बोलता न येणाऱ्या प्राण्याची बाजू कागदावर कशी मांडायची, याचा इतका बारकाईने केलेला प्रयत्न फार थोड्या ठिकाणी सापडतो.

मुळाशी आहे अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा. २१ ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. आपला वन्यजीव (संरक्षण) अधिनियमही त्याच वर्षीचा, सप्टेंबरातला. अमेरिकी कायद्यात व्हेल, डॉल्फिन, सील अशा प्राण्यांना मारणे, पकडणे, त्रास देणे आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे एकाच मनाईखाली येते. १९९४ च्या दुरुस्तीने ‘त्रास’ म्हणजे काय तेही स्पष्ट केले आणि त्याच्या दोन पातळ्या ठरवल्या. ज्या कृतीने प्राण्याला इजा होऊ शकते ती ‘अ’ पातळी. ज्या कृतीने त्याच्या वागण्यात खंड पडू शकतो, म्हणजे स्थलांतर, श्वास घेणे, पिल्लाला पाजणे, मीलन, खाणे किंवा आसरा घेणे यांत व्यत्यय येऊ शकतो, ती ‘ब’ पातळी. व्यत्यय खरोखर आला का, हे इथे बघत नाहीत. येण्याची शक्यता असली की पुरे. म्हणून शेपटीचा फोटो काढायला पन्नास मीटरवर गेलेली बोटसुद्धा कायद्याच्या नजरेत व्हेलला त्रास देत असते, मग तो व्हेल ढिम्म का पडून राहिलेला असेना.

कायद्याने संशोधनाची वाट बंद केलेली नाही, पण ती सरकारी टेबलावरून जाते. व्हेल, डॉल्फिन आणि सील यांचे परवाने राष्ट्रीय सागरी मत्स्य सेवा देते. तिचे मुख्यालय मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला आहे. ध्रुवीय अस्वल, वॉलरस, समुद्री ऑटर आणि मॅनटी यांच्यासाठी दुसरे खाते आहे. चुकीच्या खात्याकडे अर्ज गेला तर हंगाम हातचा जातो.

पहिला प्रश्न येतो तो अर्ज कोणत्या वर्गात करायचा याचा. संशोधन ‘ब’ पातळीपुरतेच असेल, म्हणजे जवळ जाऊन बघणे, फोटो काढणे, पाण्यात मायक्रोफोन सोडून आवाज टिपणे एवढेच, आणि ती प्रजाती धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत नसेल, तर सोपी वाट आहे. काम सुरू करण्याच्या किमान साठ दिवस आधी आपला बेत पत्राने कळवायचा. खाते तीस दिवसांत उत्तर देते. बाकी सगळ्यांना पूर्ण परवाना काढावा लागतो. व्हेलच्या अंगाला काही टोचायचे असेल किंवा प्रजाती धोक्यात असेल, तर दुसरी वाट नाही.

यात हंपबॅकचे प्रकरण फार उद्बोधक आहे. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने जगभरच्या हंपबॅकची चौदा गटांत विभागणी केली. त्यांतले चार गट ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’ आणि एक ‘धोक्यात’ ठरला. उरलेले यादीतून बाहेर पडले. हवाईत विणीला येणारा गट यादीबाहेरचा. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर विणीला जाणारा गट धोक्यातला. पण उन्हाळ्यात हे दोन्ही गट अलास्काच्या पाण्यात एकत्र चरतात, आणि समोर आलेला व्हेल हवाईचा की मेक्सिकोचा हे नुसते बघून सांगता येत नाही. त्यामुळे ज्याला अलास्कात काम करायचे आहे त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखालीही मंजुरी मागावी लागते. तोच प्राणी हवाईत एका नियमाखाली, अलास्कात दुसऱ्या. वरवर बघता हा कागदी घोळ वाटेल. पण जो गट खरोखर अडचणीत आहे त्याला बऱ्या स्थितीतल्या शेजाऱ्याच्या भरवशावर सोडायचे नाही, हे त्यामागचे धोरण आहे आणि मला ते पूर्ण पटते.

आता अर्ज. तो ऑनलाइन भरायचा असतो. सुरुवातीला उद्देश लिहायचा: काय शोधायचे आहे, आजवर काय माहीत झाले आहे, आणि हे उत्तर व्हेलला हात न लावता का मिळणार नाही. या शेवटच्या प्रश्नावर बरेच अर्ज अडतात. आधीच्या कुणी गोळा केलेले नमुने एखाद्या प्रयोगशाळेच्या शीतकपाटात पडून असतील आणि त्यांवर काम भागणार असेल, तर नव्या जखमेची परवानगी कशाला, असे विचारले जाते.

संशोधन ‘खरेखुरे’ असले पाहिजे, अशी कायद्याची अट आहे, आणि खरेखुरे कशाला म्हणायचे तेही कायद्यातच लिहिले आहे. पात्र लोकांनी केलेले असावे; निष्कर्ष तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात छापण्याजोगे असावेत, किंवा प्राण्याच्या जीवशास्त्राविषयीच्या ज्ञानात भर घालणारे असावेत, किंवा त्याच्या संरक्षणाचा एखादा प्रश्न सोडवायला उपयोगी पडावेत. ही व्याख्या नसली तर काय होते, हे जपानच्या उदाहरणावरून जगाने पाहिले आहे. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय व्हेल-शिकार नियमन कराराच्या आठव्या कलमानुसार कोणताही सदस्य देश आपल्या नागरिकांना ‘शास्त्रीय संशोधनासाठी’ व्हेल मारण्याचा परवाना देऊ शकतो. परवाना देणारे सरकार आणि संशोधनाला पैसा पुरवणारे सरकार एकच. जपानने अंटार्क्टिकमधल्या आपल्या कार्यक्रमात दर वर्षी सुमारे ८५० मिंकी व्हेल आणि शिवाय ५० फिन व ५० हंपबॅक मारण्याचे लक्ष्य ठेवले होते. ऑस्ट्रेलियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. ३१ मार्च २०१४ रोजी हेगच्या न्यायालयाने बारा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हे परवाने शास्त्रीय संशोधनासाठी दिलेले म्हणता येत नाहीत. इतके प्राणी मारून निघालेले संशोधन फारच तुटपुंजे असल्याचे न्यायालयाने नोंदवले. बहुमताच्या बाजूला न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून महाराष्ट्राला ते परिचित आहेत. या खटल्यात त्यांनी आपले स्वतंत्र मतही जोडले. सरकारी शिक्का असला म्हणजे संशोधन ठरत नाही, हे त्या निकालाने लेखी झाले.

अर्जाकडे परत येऊ. उद्देशानंतर येतो एक तक्ता, आणि माझ्या मते सगळ्या अर्जाचा जीव त्यातच आहे. प्रत्येक ओळीत एक प्रजाती. तिचा गट कोणता, प्रौढ की पिल्लू, नर की मादी, वर्षाला किती प्राण्यांजवळ जाणार, एकाच प्राण्याजवळ वर्षात किती वेळा जाणार, त्याच्यावर नेमके काय करणार, कुठल्या पाण्यात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. फोटोसाठी एक ओळ, त्वचेच्या नमुन्यासाठी दुसरी, टॅगसाठी तिसरी. माद्यांबरोबर पिल्ले असतील तर त्यांची वेगळी. ड्रोन उडवायचा असेल तर तोही लिहायचा. काही संशोधक आता ड्रोनच्या अंगाला बशा लावून व्हेलच्या फवाऱ्यातले थेंब गोळा करतात. त्यात प्राण्याला स्पर्शही होत नाही, पण डोक्यावर घोंघावणारे यंत्र त्रास देऊ शकते, म्हणून त्यालाही ओळ आहे.

आकडे फुगवले तर तपासणारे कारण विचारतात. हात आखडता घेतला तर ऐन हंगामात मर्यादा संपते आणि बोट किनाऱ्याला लावावी लागते. मोजण्याची पद्धतही कडक आहे. एका दिवसात एका व्हेलजवळ गेलात की एक आकडा खर्ची पडला, मग त्याने तुमच्याकडे लक्ष दिले असो वा नसो. नेम चुकला तरी तो प्रयत्न धरला जातो.

त्वचेच्या नमुन्याचे काम जवळून बघितले तर इतक्या खोलात का विचारतात ते कळते. बोटीच्या नाळेवर एक जण क्रॉसबो घेऊन उभा असतो. बाणाच्या टोकाला पोकळ पोलादी नळी असते, आतल्या बाजूने बारीक उलटे काटे. नळीच्या मागे जाड फुगीर कडे असते. ते बाणाला ठरलेल्या खोलीपलीकडे जाऊ देत नाही आणि पुढे त्याला पाण्यावर तरंगतही ठेवते. व्हेल श्वास घेऊन पाठीची कमान करत खाली जायला लागतो तेव्हा पाठीवरच्या पराच्या खालच्या कुशीचा नेम धरतात. बाण लागतो, आपटून उलट उडतो आणि पाण्यात पडतो. जाळीने तो उचलून घेतात. नळीत पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा तुकडा आलेला असतो, वरती काळी कातडी आणि खाली पांढरी चरबी. त्या तुकड्यातून डीएनए मिळतो, नर की मादी ते कळते, चरबीत साठलेली कीटकनाशके मोजता येतात, संप्रेरकांवरून मादी गाभण आहे का तेही समजते. बरेच व्हेल नुसते दचकतात, कधी शेपटी आपटतात आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतात. तरीही ही जखम आहे. म्हणून अर्जात नळीची लांबी लिहावी लागते, ती निर्जंतुक कशी करणार ते लिहावे लागते, नेम धरणाऱ्याचा अनुभव लिहावा लागतो. विद्यापीठाच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी वेगळी जोडावी लागते. कायद्याची आणखी एक अट आहे: पद्धत व्यवहारात शक्य तितक्या कमी वेदनेची असावी.

अर्ज दाखल झाला की आधी त्रुटी काढल्या जातात. उत्तरे-प्रत्युत्तरे होतात. अर्ज पूर्ण ठरला की अमेरिकेच्या केंद्रीय राजपत्रात त्याची सूचना छापतात आणि तीस दिवस हरकती व सूचना मागवतात. कुणीही लिहू शकतो: दुसरा शास्त्रज्ञ, प्राणिमित्र संघटना, किनाऱ्यावर राहणारा मासेमार. जाहीर सुनावणीची मागणीही करता येते. त्याच वेळी अर्ज सागरी सस्तन प्राणी आयोगाकडे जातो. हा आयोग परवाना देणाऱ्या खात्यापासून स्वतंत्र आहे. त्यावर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले तीन सदस्य असतात आणि त्यांच्या मदतीला नऊ शास्त्रज्ञांची समिती. आयोगाची शिफारस खात्यावर बंधनकारक नाही, पण ती डावलायची असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात. माझ्या दृष्टीने सगळ्या रचनेतली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद आहे.

प्रजाती धोक्यातली असेल तर आणखी एक पायरी चढावी लागते. परवाना देणाऱ्या शाखेला आपल्याच खात्याच्या दुसऱ्या शाखेकडून लेखी मत घ्यावे लागते की या संशोधनाने त्या प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही. पर्यावरणावर काय परिणाम होईल तेही तपासायचे असते, आणि तिथे कसूर झाली तर न्यायालय हात धरते. २००३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत ग्रे व्हेलवर करायचा एक सोनार प्रयोग न्यायालयाने थांबवला. जहाजांना व्हेल आधीच ‘दिसावेत’ आणि टकरी टळाव्यात यासाठी उच्च वारंवारतेचा सोनार वापरून बघायचा होता. हेतू व्हेलच्याच भल्याचा होता आणि परवानाही मिळालेला होता. पण पर्यावरणीय परिणामांची पुरेशी छाननी न करता तो दिला गेला, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हेतू चांगला म्हणून छाननीत सूट नाही.

यात सहज सहा महिने जातात, कधी वर्षही. हिवाळ्यात मावीला काम करायचे असेल तर आदल्या हिवाळ्यातच अर्ज लिहायला घ्यावा लागतो. परवाना साधारण पाच वर्षांचा असतो. खात्याच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनाही तो काढावा लागतो, हे मुद्दाम सांगतो.

परवान्यासोबत अटींची लांबलचक यादी येते. परवान्याची प्रत बोटीवर हवी. नाव लिहिलेला मुख्य संशोधक किंवा सहसंशोधक जागेवर हजर हवा. ज्याचे नाव नाही त्याने क्रॉसबोला हात लावायचा नाही. हळू जवळ जायचे. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये बोट घालायची नाही. पाजण्यात व्यत्यय येतोय असे दिसले की थांबायचे. प्राणी पुन्हा पुन्हा जोरदार प्रतिक्रिया देत असेल तर त्याला सोडून द्यायचे. प्राणी गंभीर जखमी झाला, दगावला किंवा परवानगीपेक्षा जास्त प्राण्यांना त्रास झाला, तर काम जागीच थांबवून दोन कामकाजाच्या दिवसांत खात्याला कळवायचे. आणि दर वर्षी अहवाल द्यायचा, त्यात तोच तक्ता पुन्हा भरायचा: परवानगी इतक्यांची होती, प्रत्यक्षात इतके झाले, प्रतिक्रिया अशी दिसली.

हा सगळा जाच कशासाठी, हे एल-९५ या ऑर्काच्या (किलर व्हेलच्या) मृत्यूवरून उमगते. वॉशिंग्टन राज्य आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या किनाऱ्यालगत ऑर्कांचा एक गट राहतो. तो २००५ पासून नष्ट होण्याच्या मार्गावरच्या प्राण्यांच्या यादीत आहे. २०१६ मध्ये त्यात ऐंशीच्या आसपास प्राणी होते. हिवाळ्यात ते कुठे जातात हे कुणालाच नीट माहीत नव्हते, आणि ते कळल्याशिवाय कोणता समुद्र राखायचा हे ठरत नव्हते. म्हणून सरकारी शास्त्रज्ञांनी परवाना घेऊन काही प्राण्यांच्या पाठीवरच्या परात उपग्रहाशी बोलणारे छोटे टॅग लावले. अशा टॅगला धातूचे दोन छोटे बाण असतात; ते परात रुततात. २०१६ च्या फेब्रुवारीत एल-९५ या वीस वर्षांच्या नराला टॅग लावला. काही दिवसांतच संदेश थांबले. मार्चच्या अखेरीस तो व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्याजवळ मेलेला सापडला, आणि बाणाचे तुकडे परातच होते. तपासात बुरशीचा संसर्ग आढळला आणि टॅगच्या जखमेतून तो शरीरात शिरला असण्याचा संभव दिसला. पहिल्या प्रयत्नात तो टॅग पाण्यात पडला होता. पुन्हा वापरताना अल्कोहोलने पुसला, पण ठरलेल्या पद्धतीत असलेली ब्लीचची पायरी राहून गेली. शिवाय तो अपेक्षेपेक्षा खाली, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ बसला होता.

सरकारने हा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि या गटाला टॅग लावणे थांबवले. ऐंशीतला एक तरणा नर गेला, हे नुकसान भरून येणारे नाही. पण झाकून न ठेवता नोंद झाली, म्हणून नेमकी कोणती पायरी चुकली ते सगळ्यांना कळले. आणि त्याच टॅगांच्या माहितीवरून हा गट कॅलिफोर्नियापर्यंत खाली जातो हेही कळले. २०२१ मध्ये वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया यांच्या किनाऱ्यालगतचा सुमारे सोळा हजार चौरस मैल समुद्र या ऑर्कांचा महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाला. दोन्ही गोष्टी एकाच परवान्याच्या पोटातून निघाल्या. ज्यांना एकच बाजू सांगायची असते त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

नमुना देशाबाहेर न्यायचा तर आणखी कागद. मोठे व्हेल आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या, म्हणजे साइटिसच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत. नखाएवढ्या कातडीच्या तुकड्यालाही पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि घेणाऱ्या देशाचा आयात परवाना लागतो. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकणारी मराठी विद्यार्थिनी कोकणातून नमुना नेऊ पाहील, तर तिला हे दोन्ही काढावे लागतील.

हे उदाहरण अगदीच हवेतले नाही. अरबी समुद्रातले हंपबॅक थंड पाण्याकडे स्थलांतर करत नाहीत. वर्षभर इथेच राहतात. त्यांची संख्या शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते, आणि अमेरिकेच्या त्या २०१६ च्या यादीत सर्वांत धोक्यातल्या चार गटांत त्यांचे नाव आहे. ओमानजवळ टॅग लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली आणि पार मन्नारच्या आखातापर्यंत गेली. तिच्या त्या टॅगमुळे हे कळले.

आपल्याकडे व्हेल वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि संशोधनाची वाट बाराव्या कलमातून जाते. परवाना राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देतो, पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी त्याला आधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. परवाना कारणे नोंदवून, लेखी आदेशाने, ठरावीक फी घेऊन दिला जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. सिंधुदुर्गच्या समुद्रातल्या व्हेलजवळ जायचे तर अर्ज नागपूरला जातो, आणि किनाऱ्यावर गाठ पडते कांदळवन कक्षाशी. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत व्हेलचे पिल्लू अडकले, तेव्हा वनखात्याची माणसे आणि गावकरी त्याला परत समुद्रात लोटायला दिवसरात्र झटले. ते वाचले नाही. त्या समुद्रात मोठे व्हेल कधी येतात, किती येतात आणि पिल्ले कुठे वाढवतात याची उत्तरे पद्धतशीर अभ्यासातूनच मिळतील. त्यासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला माझे सांगणे आहे की आपला नमुना-अर्ज तसा तक्ता मागो वा न मागो, त्याने तो स्वतःहून जोडावा. किती प्राणी, किती वेळा, कोणत्या हत्याराने, कोणत्या महिन्यात, आणि काही बिघडले तर कोणाला आणि किती दिवसांत कळवणार, हे पहिल्याच पानावर लिहावे.